लाभार्थी आणि प्रश्नकर्ती

जिल्हा परिषदेचा वार्षिक प्रशासन अहवाल वाचनाच्या आनंदासाठी कोणी हाती घेत नाही. मीही घेतला नव्हता. तालुक्यातल्या मुलींच्या जुन्या शाळांची माहिती हवी होती, म्हणून एका जिल्हा परिषदेत काही वर्षांचे अहवाल काढून बसले होते. शाळांची माहिती दोन दिवसांत मिळाली. पण मधल्या पानांवरचे एक प्रकरण काही केल्या डोक्यातून जाईना : महिला व बालकल्याण समिती. दरवर्षी तेच प्रकरण, साधारण तेवढ्याच लांबीचे आणि जवळजवळ त्याच वाक्यांचे. शिलाई यंत्रांचे वाटप करण्यात आले. पिठाच्या गिरण्यांचे वाटप करण्यात आले. मुलींना सायकलींचे वाटप करण्यात आले. अमुक इतक्या महिला लाभार्थ्यांना लाभ देण्यात आला.

या मजकुराकडे मी मजकूर म्हणूनच पाहू लागले. कवितेची किंवा कादंबरीची समीक्षा होते तशी सरकारी अहवालाची का होऊ नये? भाषा तिथेही काम करत असतेच. फक्त ती कोणाला दिसू नये अशा बेताने करते. या प्रकरणातल्या एकाही वाक्याला कर्ता नाही. वाटप कोणी केले, कोणाच्या सांगण्यावरून केले, शिलाई यंत्रच का दिले, हे वाक्यरचनेतच गाळलेले. बाई मात्र प्रत्येक वाक्यात आहे आणि प्रत्येक वाक्यात एकाच विभक्तीत आहे. ‘महिलांना’, ‘मुलींना’, ‘लाभार्थ्यांना’. शाळेत शिकलेली चतुर्थी, संप्रदानाची, म्हणजे ज्याला द्यायचे त्याची विभक्ती. अहवालभर बाई चतुर्थीत उभी आहे. तिने काही विचारले, काही मोजले, काही नाकारले, अशी प्रथमेतली बाई मला त्या पानांत कुठेच भेटली नाही. ‘लाभार्थी’ हा शब्दही पाहा. ज्याला लाभ मिळाला तो लाभार्थी असे आपण धरून चालतो. शब्दाचा मूळ अर्थ लाभाची इच्छा धरणारा, याचक.

आता ही समिती काही उपरी नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे. १९७४ च्या अखेरीस भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. त्या अहवालात गावपातळीवर स्त्रियांच्या कायदेशीर पंचायती असाव्यात, त्यांना स्वायत्तता आणि साधने असावीत, अशी शिफारस होती. पुढे ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती आली, एक तृतीयांश जागा आल्या; महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःचे महिला धोरण जाहीर केले आणि २०११ मध्ये स्थानिक संस्थांतले आरक्षण निम्म्यावर नेले. जिल्हा परिषदेच्या विषय समित्यांत महिला व बालकल्याण समिती आली, स्वउत्पन्नाचा दहा टक्के वाटा महिला आणि बालकांच्या योजनांसाठी राखला गेला. सभापती, निधी, कार्यालय असे सगळे मिळाले. (बाईच्या नावाला बालकाची जोड दिल्याशिवाय समितीचे नाव पूर्ण होईना, हे जाता जाता.) एवढे मिळूनही तिच्या कामाचा मजकूर शिलाई यंत्रापाशी का थांबला, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधायचे तर दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या अशाच मंडळाचा मजकूर शेजारी ठेवून पाहणे भाग होते.

असे मंडळ मला सापडले ते फार दूर, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात. ते निवडण्याचे कारण त्या शहराचे वैभव नव्हे. आपण सही केलेला एक करार त्या शहराने स्वतःच्या नावावर करून घेतला आहे, म्हणून ते निवडले.

स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९७९ च्या डिसेंबरात संमत केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीडॉ’ म्हणतात. अमेरिकेने आणि भारताने त्यावर एकाच महिन्यात सह्या केल्या, १९८० च्या जुलैत. त्यानंतर वाटा फुटल्या. भारताने १९९३ मध्ये करार अनुसमर्थित केला, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला. समाजांच्या खासगी बाबींत त्यांच्या संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याची पुस्ती मात्र जोडली. अमेरिकेच्या सिनेटने आजतागायत अनुसमर्थन दिलेले नाही. म्हणजे कागदावर आपण पुढे आहोत. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कराराचा आधार घेतला, आणि त्या निकालामागे राजस्थानातल्या भंवरी देवी या गावपातळीवरच्या ‘साथिन’वर झालेला अत्याचार होता, हे वाचकांना आठवत असेल. पण विशाखाचा करार दिल्लीहून खाली आला. तो जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या टेबलावर कधी मांडला गेला का?

सॅन फ्रान्सिस्कोत उलटे घडले. तिथे स्त्रियांच्या दर्जाविषयीचा आयोग १९७५ पासून होता, म्हणजे आपला अहवाल आला त्याच सुमाराचा; नावही जवळपास तेच. सात सदस्य, सर्व महापौरांनी नेमलेले. काम सल्ला देण्याचे. १९९४ मध्ये मतदारांनी कौल देऊन त्याला कायमचे स्थान आणि स्वतःचे खाते मिळवून दिले. देश करार मानत नाही तर शहराने मानावा, असा आग्रह स्थानिक स्त्री-संघटनांनी आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांनी धरला. त्यात पुढे असलेल्या ‘वाइल्ड फॉर ह्यूमन राइट्स’ या संस्थेच्या सहसंस्थापक कृशांती धर्मराज मूळच्या श्रीलंकेच्या. १३ एप्रिल १९९८ रोजी महापौर विली ब्राउन यांनी त्या स्थानिक कायद्यावर सही केली. सीडॉची तत्त्वे आपल्या कायद्यात आणणारे ते अमेरिकेतले पहिले शहर.

या कायद्यातली खुबी मला दुसऱ्या वाचनात कळली. आयोगाकडे वाटायला काय आहे, याविषयी तो जवळजवळ बोलतच नाही. तो शहराच्या इतर खात्यांविषयी बोलतो. खात्याने आपली सेवा, आपला खर्च आणि आपली नोकरभरती या तीन ठिकाणी स्त्री-पुरुषांची वेगवेगळी आकडेवारी गोळा करावी, ती तपासावी, फरक कुठे पडतो ते लिहावे, सुधारणेचा आराखडा द्यावा. म्हणजे बाईला काय द्यायचे, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की तुम्ही सगळ्यांना म्हणून जे देता ते बाईपर्यंत पोचते कसे? हा प्रश्न विचारणारी संस्था सल्लागारच असली, तरी समोरच्याला उत्तर लेखी द्यावे लागते.

पहिली दोन खाती १९९९ मध्ये निवडली गेली : सार्वजनिक बांधकाम खाते आणि अल्पवयीन आरोपींवर देखरेख ठेवणारे परिवीक्षा खाते. ही निवड धाडसाची होती. दुसऱ्या खात्यात मुलींचा प्रश्न असणार हे उघडच आहे. तिथे सगळी व्यवस्था मुलग्यांना धरून आखलेली, आणि त्यात सापडणाऱ्या मुलींच्या गरजा निराळ्या, हे तपासणीत पुढे आले आणि मुलींसाठी वेगळ्या सेवांचा विचार सुरू झाला. पण बांधकाम खाते? रस्ता, पदपथ, दिवा यांना कसले आले लिंग? आपल्याकडच्या कुठल्याही अभियंत्याला विचारा, तो हेच म्हणेल, आणि त्याचे म्हणणे प्रामाणिक असेल. तपासणीत दिव्यांचा मुद्दा आला. खांब कुठे रोवायचे आणि दोन दिव्यांत अंतर किती ठेवायचे, हे गाडी चालवणाऱ्याच्या सोयीने ठरते की रात्री पायी घरी जाणाऱ्या बाईच्या? दिवा सर्वांसाठीच असतो. अंधार मात्र सर्वांना सारखा नसतो. त्याच तपासणीत खात्याच्या नोकरवर्गाकडेही पाहिले गेले. अभियांत्रिकीत आणि कारागिरीच्या कामांत बायका किती, हे तिथे खात्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागले.

आपल्या अहवालातली ‘वाटप करण्यात आले’ची रांग आणि हा दिव्याच्या खांबाचा प्रश्न शेजारी ठेवल्यावर मला फरक लख्ख दिसला. पहिल्यात बाई लाभार्थी आहे. दुसऱ्यात ती त्या रस्त्याची मालकीण आहे आणि हिशेब मागते आहे.

इथे थांबले असते तर हा लेख परदेशाच्या कौतुकाचा झाला असता, आणि अशा लेखांची दिवाळी अंकांत वाण नाही. पण पुढचे कागद वाचत गेले तसा उत्साह उतरत गेला. पहिल्या दोघांपाठोपाठ आणखी चार खात्यांची तपासणी झाली : प्रौढांचे परिवीक्षा खाते, कला आयोग, पर्यावरण खाते आणि भाडेनियंत्रण मंडळ. शहराची खाती पन्नासांहून अधिक आहेत. तपासणी करायची ती खात्याच्याच माणसांनी, म्हणजे परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासायची, बाहेरचे फक्त शेजारी बसणार. आणि ज्या महापौरांच्या कारभाराला प्रश्न विचारायचे, त्यांनीच आयोगाचे सदस्य नेमलेले. आराखड्यातली शिफारस खात्याने पाळली नाही, तर आयोगाच्या हाती नाराजी नोंदवण्याखेरीज फारसे काही उरत नाही. इतक्या मर्यादा असताना त्या सहा तपासण्या झाल्या, याचेच खरे तर आश्चर्य वाटायला हवे.

आयोगाचा सर्वात चांगला मजकूर मात्र या तपासण्यांत नाही. तो एका मृत्यूतून आला. २००० च्या ऑक्टोबरात शहरात एका तरुण आईचा तिच्या आधीच्या जोडीदाराने तिच्या दोन मुलांदेखत खून केला. ती त्याआधी वारंवार पोलिसांकडे गेली होती. तो माणूस आधीच दोषी ठरून परिवीक्षेवर होता. म्हणजे यंत्रणेला माहीत नव्हते असे काहीच नव्हते. आयोगाने या प्रकरणाचा माग घेतला. पोलीस, सरकारी वकील, परिवीक्षा खाते आणि न्यायालय यांच्यातून तिची तक्रार कशी कशी गेली हे पाहिले आणि २००२ मध्ये अहवाल दिला. त्याच्या नावात दोन शब्द आहेत, न्याय आणि धैर्य. या अहवालातले दुखणे एका वाक्यात सांगता येते : एका खात्याला जे ठाऊक होते, ते दुसऱ्याला कळायची सोय नव्हती. माहिती एकमेकांना दिसेल अशी व्यवस्था करा, असा त्याचा मुख्य आग्रह होता. पुढे या शिफारशींवर लक्ष ठेवायला एक देखरेख मंडळही बसले.

हा अहवाल मला मोठा वाटतो तो त्याच्या दृष्टीमुळे. पीडितेला मदत म्हणून काय द्यावे, या प्रश्नाने तो सुरू होत नाही. तिने हाक मारली तेव्हा ती हाक कोणत्या टेबलावर थांबली, हे तो शोधतो. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. त्यांच्याकडे आलेली तक्रार पोलीस ठाण्यापर्यंत, न्यायालयापर्यंत कशी जाते, वाटेत कुठे अडते, याचा माग एखाद्या महिला व बालकल्याण समितीने घेतल्याची नोंद मी चाळलेल्या अहवालांत नाही. असा माग घ्यायला दहा टक्के निधी लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायली मागण्याचा हक्क एवढे पुरते.

आणि तरीही सॅन फ्रान्सिस्कोच्या आयोगाचे अंदाजपत्रक उघडले की ओळखीचे काहीतरी दिसते. खात्याचा बहुतेक पैसा अनेक वर्षे अनुदानात जात असे. हिंसाचाराने घर सोडलेल्या बायकांची आश्रयस्थाने, मदतीचे दूरध्वनी, समुपदेशन करणाऱ्या संस्था यांना तो मिळत असे. हे काम नको असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. रात्री दोनला दार उघडणारे घर हवेच. पण अनुदान द्यायचे तर अर्ज मागवायचे, छाननी करायची, हप्ते सोडायचे, हिशेब तपासायचे. प्रश्न विचारणाऱ्या माणसांचा दिवस यातच संपतो. वाटप हे काम प्रश्नापेक्षा नेहमी वरचढ ठरते, कारण त्याला तारीख असते, यादी असते, फोटो असतो. प्रश्नाचा फोटो काढता येत नाही. या एका बाबतीत तिकडच्या आयोगाची आणि आमच्या समितीची नाळ जुळलेली निघाली. त्यामुळे सुरुवातीला काढलेला निष्कर्ष मला दुरुस्त करावा लागला. आमची समिती वाईट आणि त्यांचा आयोग चांगला, असा हा फरक नाही. त्यांच्याकडे वाटपाच्या ढिगाऱ्यातही प्रश्नासाठी कायद्यात एक खिडकी आहे. आमच्याकडे ती ठेवायचीच राहिली.

आणखी एक काम त्या आयोगाच्या खात्याकडे २००८ मध्ये आले. शहराच्या मंडळांवरच्या आणि आयोगांवरच्या नेमणुकांत शहराची लोकवस्ती प्रतिबिंबित व्हावी, असे मतदारांनी ठरवले आणि दर दोन वर्षांनी त्याची मोजणी करण्याचे काम या खात्याला दिले. या मोजण्यांतून बायकांची एकूण संख्या वाढताना दिसते. पण खात्याने नुसती एकूण संख्या मोजली नाही. मंडळे अंदाजपत्रकाप्रमाणे लावली. तेव्हा दिसले, की जिथे पैसा मोठा तिथे बायका कमी, आणि जिथे पैसा थोडा तिथे बायका जास्त. ही तुलना वाचून मी हसले. आपल्या जिल्हा परिषदेत सभापतिपदे वाटली जातात त्या दिवसाचे दृश्य आठवले. बांधकामासाठी आणि अर्थसाठी रात्रभर बैठका, आणि महिला व बालकल्याण कोणाकडे जाणार याची चर्चा चहाबरोबर संपलेली. निम्म्या जागा बायकांच्या असताना हे होते. हेच मोजून, तक्ता करून, दर दोन वर्षांनी आपल्याच संस्थेच्या नावाने छापणे, हे काम आपल्या कुठल्या समितीने अंगावर घेतले तर तिला त्यासाठी एकही शिलाई यंत्र कमी करावे लागणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत पुढे काय होईल सांगता येत नाही. शहरात मंडळे आणि आयोग फार झाले, त्यांची छाटणी कशी करावी हे सुचवायला कार्यदल नेमावे, याला २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी मान्यता दिली. सल्लागार मंडळांवर अशी वेळ येतेच. वाटप थांबले तर लोक रस्त्यावर येतात. प्रश्न थांबला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे याचा अनुभव नुकताच येऊन गेला. अनेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणुका रखडल्या. प्रशासक बसले. सभागृह नाही, त्यामुळे विषय समित्याही नाहीत. मी ज्या जिल्हा परिषदेचे अहवाल वाचत होते तिथे या काळातली महिला व बालकल्याणाची पाने मुद्दाम पाहिली. समिती नव्हती. मजकूर तोच होता. वाटप करण्यात आले, लाभ देण्यात आला. कर्ता आधीपासूनच नव्हता. तो खरोखर गेला तरी वाक्याला काही फरक पडला नाही.

मग प्रश्न कोणी विचारलेच नाहीत का? विचारले, पण समितीबाहेरच्यांनी. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. कोरो आणि इतर संघटनांच्या कार्यकर्त्या सार्वजनिक मुताऱ्या पाहत फिरल्या. पुरुषांना लघवीला पैसे पडत नव्हते, बायकांना मोजावे लागत होते. सोयीही तुटपुंज्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या बांधकाम खात्याला त्याच्या कायद्याने जे तपासायला लावले, ते इथे वस्तीतल्या बायकांनी वही-पेन घेऊन तपासले. त्यांना कोणी आयोगावर नेमले नव्हते. त्यांच्या पाहणीचा मजकूर मी वर सांगितलेल्या सर्व अहवालांच्या शेजारी ठेवीन. त्यात बाई प्रथमेत आहे.

समितीच्या आतून प्रश्न आलाच नाही, असेही मला म्हणता येणार नाही; कारण शेवटच्या खेपेला एका माजी सभापतीबाईंची गाठ पडली. शेतात कांदा काढणी चालू होती, बांधावर बसूनच बोलणे झाले. मी अहवालातल्या शिलाई यंत्रांविषयी विचारले तर त्यांनी हात झटकला. “ती यादी वरनं यायची ताई. म्या सही करायची.” मग थोड्या वेळाने आपण होऊनच म्हणाल्या, “एकदा इचारलं व्हतं मी. शाळंत पोरींचे संडास बांधलेत, पण त्यात पानी येतंय का? किती शाळंत येतंय, किती शाळंत न्हाई, तेवढं लिहून द्या म्हनलं.” मग काय झाले? शिक्षणवाल्यांनी हा बांधकामाचा विषय असल्याचे सांगितले. बांधकामवाल्यांनी पाणीपुरवठ्याकडे बोट दाखवले. पाणीपुरवठ्याचे साहेब त्या दिवशी रजेवर होते. आणि सगळ्यांचे मिळून एक मत पडले, की मुलींचा विषय आहे म्हटल्यावर तो खरे तर महिला व बालकल्याणचाच.

त्यांनी सांगितलेल्या महिन्याचे इतिवृत्त मी नंतर मागवून पाहिले. सभापतीबाईंचे नाव उपस्थितांत आहे. आयत्या वेळच्या विषयांत एक ओळ आहे : ‘शाळांमधील सोयीसुविधांबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली.’ पाण्याचा शब्द नाही, संडासाचा नाही, विचारणारीचा नाही. त्याच्या खाली पुढचा विषय आहे, शिलाई यंत्रांच्या लाभार्थी यादीस मंजुरी देण्याचा. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर.